पुराचा अदमास : पाऊस, नदी आणि तिथि

पावसाळ्यांत आपल्या भागांतील दोन शेतकरी वाटेंत भेटले म्हणजे पहिला प्रश्न असतो, 'काल पाऊस किती झाला?' प्रश्न योग्यच आहे. परंतु आमच्या मतें तो तिसऱ्या हिश्शाचाच आहे. पालघर, बोईसर व तारापूर या पट्ट्यांत भाताचें खाचर बुडेल कीं तरेल हें एकट्या पावसावर ठरत नाहीं. डोंगरांत पाणी किती पडलें, आणि त्या दिवशीं तिथि कोणती होती, हे दोन प्रश्न त्याबरोबरच विचारले पाहिजेत. या तिहींचीं उत्तरें एकत्र कशीं मांडावीं एवढेंच सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे. आम्ही इंजिनियर नव्हों. महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आमचें आयुष्य गेलें. पर्जन्याचीं पत्रकें, पंचनामे आणि नुकसानीच्या याद्या लिहितां लिहितां जें ध्यानांत आलें तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम जमिनीचा उतार पाहूं. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून निराळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या पूर्वेस जव्हार-मोखाड्याचे डोंगर, पश्चिमेस समुद्र, आणि मधलें अंतर फार थोडें. पाण्यास जाण्याची वाट एकच, ती पूर्वेकडून पश्चिमेकडे. मनुष्यानें केलेल्या मोठ्या वाटा मात्र बहुतेक सर्व दक्षिणोत्तर आहेत. १८६४ सालीं सुरतेकडून मुंबईस येऊन पोंचलेला लोहमार्ग दक्षिणोत्तर, अहमदाबादचा महामार्ग दक्षिणोत्तर, आणि अलीकडे मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, वडोदऱ्याचा द्रुतगति मार्ग व जलद रेल्वे यांचे जे भराव झाले तेही त्याच दिशेचे. प्रत्येक भराव हा पाण्याच्या दृष्टीनें एक आडवा बांधच होय, आणि त्याखालील मोऱ्या हींच काय तीं त्याचीं दारें. मोरी गाळानें, प्लास्टिकनें अगर बांधकामाच्या राडारोड्यानें अर्धी बुजली म्हणजे भरावाच्या पूर्वेकडील शेतकऱ्याचें नशीब अर्धें बुजलें असें समजावें. पुराची चौकशी करावयास आम्ही जेथें जेथें गेलों तेथें भरावाच्या एका अंगास कमरेइतकें पाणी आणि दुसऱ्या अंगास घोट्याइतकें, हा प्रकार वारंवार पाहिला.

आतां पावसाचें परिमाण. हवामान खात्याचा इशारा हल्लीं मोबाईलवरून प्रत्येकाच्या हातीं येतो, पण त्यांतील आंकड्यांचा अर्थ पुष्कळांस उमगत नाहीं. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस म्हणजे मुसळधार, तेथून २०४.४ पर्यंत अति मुसळधार, आणि त्यापुढें अत्यंत मुसळधार, अशी त्या खात्याची वर्गवारी आहे. मिलिमीटर हातांत धरतां येत नाहीं म्हणून एक कोष्टक पाठ करावें : एक गुंठा जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारें शंभर लिटर पाणी. त्या हिशेबानें दोनशें मिलिमीटर पावसाच्या दिवशीं एका गुंठ्यांत वीस हजार लिटर व एका एकरांत आठ लाख लिटर पाणी पडतें. आंकडा ऐकून छाती दडपते खरी. परंतु दोनशें मिलिमीटर म्हणजे एक वीतसुद्धां नव्हे. खाचराचा बांध वीतभर उंच व धड असेल तर दिवसभराचा हा सगळा पाऊस त्यांत कसाबसा मावून जाईल, आणि बांधाची खांड वेळेवर फोडली तर मावण्याचाही प्रश्न राहणार नाहीं. तेव्हां खाचर जें बुडतें तें बहुधा स्वतःच्या पावसानें नव्हे, दुसऱ्याच्या पाण्यानें. हें दुसऱ्याचें पाणी दोन वाटांनीं येतें : वरून नदीनें आणि खालून खाडीनें. बोईसर-तारापूरकडे तिसरी एक वाट झाली आहे. औद्योगिक वसाहतींतील छपरें, सिमेंटचे रस्ते व फरसबंद आवारें पाण्याचा थेंबही पीत नाहींत. पूर्वीं जें पाणी माळावर मुरत व रेंगाळत नाल्यास मिळे तें आतां घटकाभरांत मिळतें, आणि नाला मात्र पूर्वींच्याच रुंदीचा, किंबहुना अतिक्रमणानें त्याहून अरुंद झालेला असतो.

नदीचा विचार करितां आपल्या तालुक्याची मुख्य नदी सूर्या. जव्हारकडील डोंगरांतून निघून, कासा गांवावरून खालीं उतरून, मासवणच्या बाजूनें ती वैतरणेस मिळते. तिजवर धामणी येथें धरण असून त्याच्या खालीं कवडास येथें बंधारा आहे. धरण भरत आलें म्हणजे दरवाजे उघडले जातात व नदीकांठच्या गांवांस इशारा मिळतो कीं इतके क्यूसेक पाणी सोडलें. हा क्यूसेक म्हणजे काय ? एका सेकंदास एक घनफूट, म्हणजे सुमारें अठ्ठावीस लिटर. दहा हजार क्यूसेक पाणी तासभर सोडलें तर तें सुमारें दहा लाख घनमीटर होतें; तितक्यानें शंभर हेक्टर जमीन एक मीटर खोल बुडूं शकेल. अर्थात् तें सर्व जमिनीवर पसरत नाहीं, नदीच्या पात्रांतून वाहून जातें; पण पात्र आधींच तुडुंब असेल तर जादा पाण्यास कांठावरच यावें लागतें.

धरणाविषयीं लोकांत दोन प्रकारचे गैरसमज आहेत. कोणी म्हणतात धरणामुळेंच पूर येतो, कोणी म्हणतात धरण आहे म्हणून पूर येणारच नाहीं. जुलैच्या आरंभीं, धरणांत जागा असतां, तें पुराचा मोठा भाग पोटांत घेतें. श्रावणांत तें काठोकाठ भरलें म्हणजे येईल तितकें पाणी पुढें सोडण्यावांचून त्यास गत्यंतर नसतें. म्हणून एकाच मापाचा पाऊस आषाढांत निभावतो व भाद्रपदांत बुडवितो. शेतकऱ्यानें वर्तमानपत्रांतून धरण किती टक्के भरलें हा आंकडा जूनपासूनच पाहात जावा. शिवाय धरणाच्या खालच्या अंगास पडणारा पाऊस व मधले ओहळ यांवर कोणत्याही दरवाज्याची सत्ता चालत नाहीं, हेंही विसरूं नये.

आपल्या गांवच्या पुलाच्या खांबावर किंवा नदीकांठच्या एखाद्या जुन्या खडकावर रंगानें फुटाफुटाच्या खुणा कराव्या. धरणाचा इशारा किती वाजतां आला व पाणी कोणत्या खुणेस किती वाजतां लागलें हें दोन पावसाळे वहींत लिहून ठेवलें म्हणजे आपल्या शिवाराचें कोष्टक तयार होतें. सरकारी पत्रकांत तें कधींच मिळणार नाहीं, कारण प्रत्येक शिवाराचें तें निराळें असतें.

आतां खाडीकडे वळूं. सर्वांत मोठा धोका येथें असून शेतकरी याच गोष्टीस सर्वांत कमी जाणतो. मच्छीमार बंधु मात्र उत्तम जाणतात. सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, तारापूर, चिंचणी या सर्व गांवांजवळ लहानमोठ्या खाड्या आहेत, आणि वैतरणेच्या मुखांतून भरतीचें पाणी नदींत पुष्कळ आंतवर चढतें. भरतीच्या वेळीं खाडीचें तोंड म्हणजे बंद दार. वरून कितीही पाणी येवो, दार उघडेपर्यंत तें उंबऱ्याशीं सांचत राहतें.

हें दार केव्हां बंद असतें तें पंचांगावरून काढतां येतें. कोंकणच्या दर्यावर्दी लोकांचा नियम असा आहे कीं तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी. येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां. शुक्ल व कृष्ण दोन्ही पक्षांस हाच हिशेब लागू आहे. दिवसांत भरती दोनदां येते, एकीनंतर सुमारें साडेबारा तासांनीं दुसरी; आणि भरतीनंतर सवासहा तासांनीं पूर्ण ओहोटी. या नियमाचें कारण सोपें आहे. चंद्र रोज आदल्या दिवसाहून सुमारें पन्नास मिनिटें उशिरा माथ्यावर येतो, आणि भरती त्याच्या मागोमाग चालते. पक्षाच्या अखेरच्या तिथींस हिशेब अर्धाएक तास चुकतो, व खाडींत आंतवर भरती समुद्रकांठाहून उशिरा पोंचते. तेवढी दुरुस्ती आपापल्या गांवीं पाहून करावी.

याचा पडताळा घ्यावयाचा तर सर्वांच्या आठवणींतला एक दिवस घेऊं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पौर्णिमा २१ जुलै रोजीं होऊन पांच दिवस लोटले होते. पांचाची पाऊणपट पावणेचार. आणि त्या दिवशींची भरती दुपारीं चारच्या सुमारासच होती. पावसाचा जोरही दुपारींच होता. मिठी नदीस समुद्रांत जावयास वाट उरली नाहीं, आणि पुढें काय झालें तें सर्वश्रुत आहे. हाच पाऊस रात्रीं ओहोटीच्या तोंडावर पडता तर नुकसान झालेंच नसतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण पाण्याची उंची तीच राहती ना.

अमावास्या व पौर्णिमा यांच्या आसपास उधाणाची भरती असते. उधाणाचा खरा जोर तिथीनंतर एक-दोन दिवसांनीं येतो. आपल्या किनाऱ्यावर ही मोठी भरती दुपारीं बारा ते दोनच्या व मध्यरात्रीं त्याच सुमारास असते, तर मोठी ओहोटी सकाळीं व संध्याकाळीं सहा ते आठच्या सुमारास. एवढें ध्यानांत ठेवलें तरी अर्धें काम झालें. उधाणाच्या दिवसांत सकाळीं दहा ते दुपारीं दोनपर्यंत पावसाची झोड उठली तर खाचराच्या बांधावर उभें राहून नशिबास दोष देण्यांत अर्थ नाहीं. संध्याकाळच्या ओहोटीची तयारी करावी. उधाणांत एक चांगली गोष्टही आहे. जशी भरती उंच तशी ओहोटीही खोल. म्हणून अशा वेळीं पाणी जसें झपाट्यानें चढतें तसेंच, वाट मोकळी असेल तर, झपाट्यानें उतरतें. उलट अष्टमीच्या सुमारास भांगाचें पाणी असतें, भरती फार चढत नाहीं व ओहोटी फार उतरत नाहीं. अशा दिवसांत तीन-चार दिवस लागून राहिलेली झड चोंढ्यांतील पाणी हलूं देत नाहीं आणि भात उभ्या उभ्या कुजवते. लोक उधाणास भितात. भांगाच्या झडीस भीत नाहींत. आम्हांस ही दुसरी अधिक फसवी वाटते.

जुलै २०२२ मध्यें जांभळांकरितां प्रसिद्ध असलेल्या बहाडोली गांवाजवळ वैतरणेच्या पुरांत पुलाच्या कामावरील मजूर अडकून पडले व राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलानें त्यांची सुटका केली. त्या पुराचें मूळ कारण वरच्या बाजूस कोसळलेला पाऊस हें होय. पण १३ जुलै रोजीं गुरुपौर्णिमा होती, म्हणजे दिवस उधाणाचे होते, हेंही वाचकांनीं टिपून ठेवावें. नदी, पाऊस व तिथि तिन्ही एकत्र आल्याचें हें उदाहरण आहे.

खाडीकांठच्या खार जमिनीचें संरक्षण बांध आणि उघाडी यांवर अवलंबून असतें. उघाडीची झडप भरतीच्या दाबानें आपोआप मिटते व ओहोटी लागली कीं आंतल्या पाण्याच्या दाबानें उघडते. हॉलंड देशानें समुद्रापासून जमीन राखली ती याच युक्तीच्या जोरावर. आणि १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्रीं उधाण व वादळ एकत्र येऊन त्यांचे बांध फुटले तेव्हां अठराशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं, हेंही खरें. आपल्याकडे १९४८ च्या मुंबई खार जमीन कायद्यानें व पुढें १९७९ च्या महाराष्ट्र खार जमीन विकास कायद्यानें सरकारनें अशा बांधांची व्यवस्था लावली. तरी जे बांध सरकारी योजनेंत नाहींत त्यांची देखभाल मालकांनींच करावयाची असते, आणि मालक शहरांत राहावयास गेल्यामुळें ती होत नाहीं. झडपेंत लांकडाचा एक ओंडका अडकला तरी ती मिटत नाहीं, आणि एका भरतींत गांवचें भात खारट होतें. वैशाखांत दोन माणसें लावून उघाडी साफ करून घेण्याचा खर्च, आणि एका हंगामाचें भात, यांचा हिशेब आम्हीं मांडण्याची गरज नाहीं.

लावणीच्या दिवसांत पूर आला तर रोपांचाच प्रश्न पडतो. एक हेक्टर लावणीस साधारण दहा गुंठे रोपवाटिका लागते. आमची सूचना अशी कीं जे चोंढ्यांत किंवा नदीकांठीं लावणी करितात त्यांनीं वरकस जमिनीवर दोन गुंठे रोप जास्त टाकावें. तें न लागल्यास शेजाऱ्यास उपयोगी पडेल. रोप मुळींच उरलें नाहीं तर मोड आलेलें बियाणें चिखलावर टाकण्याची रहू पद्धत आहे, पण ती पाणी पूर्ण उतरल्यावरच करावी. नेहमीं बुडणाऱ्या गोड्या जमिनीकरितां स्वर्णा-सब १ ही जात २००९ पासून आपल्या देशांत प्रसृत झाली असून ती पंधरवड्याच्या आसपास पाण्याखालीं तग धरते. मात्र आपल्या भागांत थोड्या जागेवर लावून पाहिल्यावांचून सबंध शेत तिच्या हवालीं करूं नये. खार जमिनीस पनवेलच्या संशोधन केंद्राच्या पनवेल-१, २ व ३ या जाती योग्य.

पाणी उतरल्यावर घाईनें युरिया टाकण्याची चूक पुष्कळ ठिकाणीं होते. पाणी वाहतें असेल तर खत शेजाऱ्याच्या शेतांत किंवा खाडींत जातें. आणि नुकत्याच बुडून निघालेल्या, पात फाटलेल्या भातास नत्राचा मोठा हप्ता दिला तर कडा करपा बळावतो. प्रथम गाळ पानांवरून धुतला जाऊं द्यावा, नवीन पालवी दिसूं द्यावी, खाडे भरून घ्यावे, मग थोडें थोडें द्यावें. खारें पाणी शिरलें असल्यास ओहोटीच्या वेळीं तें काढून, पावसाचें गोडें पाणी दोन-तीन वेळां खाचरांत तुंबवून पुन्हां ओहोटीसच सोडावें. हें काम पाऊस चालू आहे तोंवरच होतें. आश्विनांत सुचून उपयोग नाहीं.

पूररेषेसंबंधीं एक शब्द. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची, व लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची. 'गेल्या वर्षीं आला, आतां चोवीस वर्षें निश्चिंत' असें बोलणारे लोक आम्हांस कचेरींत पुष्कळ भेटत. पंचवीस वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षीं शेंकडा चार संभव, इतकाच त्याचा अर्थ. तो लागोपाठ दोन वर्षेंही येऊं शकतो.

शेवटीं नुकसानभरपाईच्या अर्जाविषयीं. येथें आमच्या हातून घडलेली एक चूक सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आम्ही एका तालुका कचेरींत कारकून असतां नदीकांठच्या एका गांवाची नुकसानीची यादी आमच्याकडे आली. संवयीप्रमाणें आम्हीं शीर्षकाखालीं कारण लिहिलें, 'अतिवृष्टि'. महसुली हिशेबांत अतिवृष्टि म्हणजे त्या मंडळाच्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरांहून जास्त पाऊस. त्या दिवशीं मंडळांत पाऊस बेताचाच होता. यादी शेऱ्यासह परत आली. गांवचा एक वृद्ध शेतकरी कचेरींत येऊन म्हणाला, "भाऊसाहेब, आमच्याकडं पाऊस पडला कुठं ? पाणी जव्हारच्या डोंगराकडनं आलं. आम्हाला पावसानं नाय, नदीनं बुडवलं." त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें, आणि पंचनाम्याच्या आंतल्या पानावर तसें नमूदही होतें, शीर्षक मात्र आमचें होतें. 'पूर' ही अतिवृष्टीहून निराळी आपत्ति म्हणून मदतीच्या यादींत स्वतंत्र नोंदलेली आहे. दुरुस्ती होऊन रक्कम हातीं येईपर्यंत वालाचा हंगाम निघून गेला होता. त्या म्हाताऱ्यानें बियाणें उसनें घेऊन पेरलें असें मागून कळलें. तो आम्हांस कधीं कांहीं बोलला नाहीं.

पर्जन्यमापक एका जागीं असतो आणि पाऊस सर्वत्र सारखा पडत नाहीं. वर सांगितलेल्या २६ जुलैच्या दिवशीं सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर असतां त्याच मुंबईंत कुलाब्यास पाऊणशें मिलिमीटरही पाऊस झाला नव्हता. मग डोंगरांतला पाऊस सपाटीवरच्या मापकांत कसा दिसावा ? यास्तव शेतकऱ्यानें अर्जांत कारण स्वतःच स्पष्ट लिहावें : नदीचा पूर, खाडीचें पाणी शिरणें, अतिवृष्टि, यांपैकीं जें खरें असेल तें, एकाहून अधिक असल्यास सर्व. गट क्रमांक, बुडालेलें क्षेत्र, पाणी कोणत्या दिवशीं किती वाजतां चढलें व केव्हां उतरलें, धरणाचा इशारा किती वाजतां आला, त्या दिवशींची तिथि व भरतीची वेळ, एवढें अर्जांत असावें. नुकसान शेंकडा ३३ किंवा त्याहून जास्त असेल तरच मदत मिळते, तेव्हां पाणी असतांनाच बांधावरील एखादें ओळखूं येणारें झाड दिसेल असें छायाचित्र काढावें. पाणी उतरल्यावर काढलेल्या छायाचित्रांत सगळीं खाचरें सारखींच दिसतात. २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणींत आपलें भात सात-बाऱ्यावर नोंदलें आहे कीं नाहीं हें पूर येण्यापूर्वींच पाहून ठेवावें. नोंद नसल्यास शेतांत भात होतें हेंच प्रथम सिद्ध करावें लागतें, आणि तें तर वाहून गेलेलें असतें. अर्ज दोन प्रतींत करून एकीवर तारखेसह पोंच घ्यावी, व तलाठी पंचनाम्यास आला म्हणजे सही करण्यापूर्वीं शीर्षकाची ओळ त्याच्याकडून मोठ्यानें वाचून घ्यावी.